लिनक्स संगणकांमधील सामायिक डिरेक्टरी: काय वाटून घ्यावे आणि काय नाही

एकाच व्यक्तीच्या हाताखाली दोन-तीन लिनक्स संगणक आले की आपली कागदपत्रे, छायाचित्रे, संगीत आणि स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टा नेमक्या कोणत्या यंत्रावर आहेत, हा प्रश्न हमखास उभा राहतो. पेनड्राइव्हवरून नेआण करणाऱ्याकडे लवकरच एकाच फाइलच्या तीन आवृत्त्या तयार होतात आणि त्यांतली ताजी कोणती हे तारखा पाहूनही ठरवता येत नाही. यावरचा जुना आणि अजूनही भक्कम उपाय म्हणजे एका यंत्रावर डिरेक्टरी ठेवून ती नेटवर्कवरून बाकीच्यांना उपलब्ध करून देणे. त्यासाठी लिनक्सवर पहिला पर्याय एनएफएसचा, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिमचा. यात डिरेक्टरी पुरवणारे यंत्र म्हणजे सर्व्हर, आणि ती वापरणारे यंत्र म्हणजे क्लायंट. या विषयावरची बहुतेक मार्गदर्शने पॅकेज बसवण्यापासून सुरू होतात आणि चार आज्ञांत संपतात. मला मात्र त्या चार आज्ञा हा सगळ्यांत सोपा भाग वाटतो. कोणत्या डिरेक्टऱ्या सामायिक करायच्या, प्रत्येक यंत्रावर वापरकर्त्याची ओळख एकच कशी ठेवायची आणि सर्व्हर जागेवर नसताना काय व्हावे, हे तीन निर्णय आधी झाले नाहीत तर पुढचा त्रास टळत नाही.

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 च्या सुमारास तयार केले. त्या काळी स्वतःची डिस्क नसलेली वर्कस्टेशन्स सर्व्हरवरच्या फाइलींवर चालत असत आणि ही फाइल आपल्या यंत्रावर नाही हे त्यांवरच्या प्रोग्रॅमला कळूही नये, अशी कल्पना होती. आज आपण वापरतो ती चौथी आवृत्ती असते, बहुधा 4.2. तिसऱ्या आवृत्तीत फाइल-लॉकिंग (एकाच फाइलीत दोघांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून तिला कुलूप घालणे) आणि माउंट (दूरची डिरेक्टरी आपल्या यंत्रावरच्या एका जागी जोडणे) यांसाठी वेगवेगळ्या सेवा आणि त्यांचे वेगवेगळे पोर्ट लागत. चौथ्या आवृत्तीत हे सारे 2049 या एकाच टीसीपी पोर्टवर आले, त्यामुळे फायरवॉलमधून वाट देणे सोपे झाले. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिसऱ्या आवृत्तीचा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही.

आता पहिला निर्णय. लिनक्समध्ये कोणती फाइल कुठे असावी हे सांगणारे फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड नावाचे मानक आहे, त्याची 3.0 ही आवृत्ती 2015 मध्ये आली. या मानकाच्या सुरुवातीलाच फाइलींची दोन अंगांनी विभागणी केली आहे: फाइल अनेक यंत्रांत वाटून घेता येते की नाही, आणि ती स्थिर आहे की बदलती. प्रोग्रॅमांची ‘/यूएसआर’ वाटून घेता येण्याजोगी आणि स्थिर, सेटिंगची ‘/इटीसी’ आणि यंत्र सुरू करण्याची ‘/बूट’ स्थिर, पण त्या-त्या यंत्राच्याच, ‘/व्हार’मधला टपालाचा भाग बदलता असूनही वाटून घेण्याजोगा, तर ‘/व्हार/लॉक’ बदलती आणि केवळ त्या यंत्रापुरती. वापरकर्त्यांच्या होम डिरेक्टऱ्या वाटून घेता येतात असे हे मानक म्हणते. ते तत्त्वतः खरे आहे, आणि ज्या संस्थेत प्रत्येक यंत्रावर लिनक्सचे एकच वितरण (डिस्ट्रिब्यूशन), एकच आवृत्ती आणि एकच डेस्कटॉप असतो तिथे व्यवहारातही खरे ठरते.

दोन-तीन वेगवेगळ्या यंत्रांच्या बाबतीत मात्र अख्खी ‘/होम’ वाटून घेणे मला पटत नाही. होम डिरेक्टरीत आपण निर्माण केलेली सामग्री असते, तशाच प्रोग्रॅमांनी स्वतःसाठी ठेवलेल्या शेकडो लपलेल्या फाइलीही असतात, आणि त्यांतल्या पुष्कळ फाइली त्या यंत्राशी किंवा त्या आवृत्तीशी बांधलेल्या असतात. एका यंत्रावर डेस्कटॉपची नवी आवृत्ती असेल तर ती आपल्या सेटिंगच्या फाइली नव्या पद्धतीने लिहून ठेवते आणि दुसऱ्या यंत्रावरच्या जुन्या आवृत्तीला त्या नीट वाचता येत नाहीत. ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंगचे डीकॉन्फ हे कोठार तर अशा रीतीने वाचले जाते की होम डिरेक्टरी एनएफएसवर असल्यास त्यासाठी साध्या मजकुराच्या फाइलीवर चालणारी वेगळी व्यवस्था लावावी लागते. फायरफॉक्स हा ब्राउझर आपला इतिहास आणि खुणा एसक्यूलाइटच्या, म्हणजे एकेका फाइलीत मावणाऱ्या, डेटाबेसांत ठेवतो. नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमवर लॉकिंगची खात्री देता येत नाही म्हणून तिथे डेटाबेस ठेवू नये, असा इशारा एसक्यूलाइटच्या दस्तऐवजातच आहे. आणि ‘.कॅशे’ डिरेक्टरी नेटवर्कवर ठेवणे हा निव्वळ अपव्यय आहे. जी फाइल वेळ वाचवण्यासाठी साठवली, तीच दर वेळी दुसऱ्या यंत्राकडून मागवायची, यात अर्थ नाही.

म्हणून माझी विभागणी अशी आहे: होम प्रत्येक यंत्राची स्वतःची, आणि तिच्यातल्या फक्त सामग्रीच्या डिरेक्टऱ्या, म्हणजे कागदपत्रे, छायाचित्रे, संगीत, चलच्चित्रे, सर्व्हरवर ‘/एसआरव्ही’खाली. या जागेचा हेतूच मुळी यंत्राने इतरांना पुरवायच्या सामग्रीचा आहे. स्वतःच्या स्क्रिप्टांसाठी एक डिरेक्टरी तिथेच ठेवून ती बाकी यंत्रांवर केवळ वाचण्यापुरती माउंट करणे सोयीचे पडते, कारण स्क्रिप्टा एकाच ठिकाणी दुरुस्त होतात आणि चुकून दुसरीकडून बदलल्या जात नाहीत. टपाल साठवायचे असेल तर ते मेलडिर पद्धतीने साठवावे. क्यूमेल या टपाल-सर्व्हरचे कर्ते डॅनियल बर्नस्टाइन यांनी ती रचना करताना प्रत्येक पत्राची वेगळी फाइल ठेवली आणि लॉकची गरजच काढून टाकली, म्हणून ती एनएफएसवरही निर्धोक चालते. सगळी पत्रे एकाच फाइलीत कोंबणाऱ्या एमबॉक्सबद्दल असे म्हणता येत नाही. पॅकेजांचे कोठार सामायिक करण्याचा मोहही अनेकांना होतो, पण त्यासाठी डिरेक्टरी वाटण्यापेक्षा पॅकेजांचा प्रॉक्सी, म्हणजे ती एकदाच उतरवून सगळ्या यंत्रांना देणारी मध्यस्थ सेवा, चालवणे बरे. दोन यंत्रांनी एकाच वेळी अद्ययावत होण्याचे ठरवले तरी तो गोंधळत नाही.

दुसरा निर्णय ओळखीचा. यातच सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथे थोडे थांबतो.

लिनक्सच्या फाइलसिस्टिमला वापरकर्त्याचे नाव माहीत नसते. तिला माहीत असतो तो केवळ क्रमांक, म्हणजे यूआयडी. बहुतेक वितरणांत पहिल्या सामान्य वापरकर्त्याला 1000 हा क्रमांक मिळतो, दुसऱ्याला 1001. एका यंत्रावर आधी घरच्या मोठ्या व्यक्तीचे खाते तयार केले आणि दुसऱ्यावर आधी धाकट्याचे, तर नावे तीच राहतात पण क्रमांकांची अदलाबदल होते. एनएफएसच्या नेहमीच्या सुरक्षा-पद्धतीत क्लायंट विनंतीबरोबर ‘मी 1000 आहे’ एवढेच सांगतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. त्यामुळे अशा मांडणीत प्रत्येकाला दुसऱ्याच्या खाजगी फाइली उघडता येतात आणि स्वतःच्या मात्र येत नाहीत.

चौथ्या आवृत्तीत नावांवरून ओळख जुळवणारी आयडीमॅपची सोय आहे, म्हणून क्रमांक वेगळे असले तरी चालतात असे अनेकदा वाचायला मिळते. ते अर्धवट खरे आहे. ती सोय फाइलीचा मालक कोण दिसावा यापुरती असते. फाइल उघडू द्यायची की नाही हा निवाडा नेहमीच्या पद्धतीत तरीही क्रमांकावरच होतो. शिवाय त्या पद्धतीत आजचे लिनक्स क्लायंट नावांऐवजी थेट क्रमांकच पाठवतात. म्हणजे यादीत सगळे बरोबर दिसते, पण लिहायला गेले की परवानगी नाकारली जाते, अशी चकवणारी अवस्थाही येऊ शकते. साध्या नेटवर्कावर खरा उपाय एकच: प्रत्येक व्यक्तीचा क्रमांक सर्व यंत्रांवर सारखा करणे. यूजरमॉड या आज्ञेने क्रमांक बदलता येतो आणि होम डिरेक्टरीतल्या फाइलींची मालकीही तीच आज्ञा बदलते. होमच्या बाहेर पसरलेल्या फाइली मात्र शोधून आपल्या हाताने बदलाव्या लागतात. खाते वापरात नसताना, रूट (सर्वाधिकारी खाते) म्हणून वेगळे लॉगिन करून हे काम करावे.

फाइली सगळ्यांच्याच असतील आणि कोणी काय लिहिले याला महत्त्व नसेल, तर दुसरा मार्ग आहे. ऑल-स्क्वॉश हा पर्याय दिल्यास येणारा प्रत्येक वापरकर्ता सर्व्हर एकाच ठरावीक क्रमांकाचा मानतो आणि तो क्रमांक आपल्याला निवडता येतो. संगीत आणि चलच्चित्रांसाठी हे उत्तम. खाजगी कागदपत्रांसाठी अर्थातच नाही. रूटला निष्प्रभ करणारा रूट-स्क्वॉश तर मुळातच लागू असतो: क्लायंटवरचा रूट सर्व्हरकडे ‘नोबडी’ या अधिकारहीन खात्याच्या नावाने पोचतो, आणि काही अडले म्हणून तो पर्याय काढून टाकणे हा उपाय नव्हे. एकत्र काम करायच्या डिरेक्टरीसाठी सर्वांचा एक ग्रुप करून डिरेक्टरीला सेटजीआयडीसह (नव्या फाइलीला डिरेक्टरीचाच ग्रुप देणारी खूण) 2775 अशी परवानगी द्यावी आणि यूमास्क (नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते सांगणारा आकडा) 002 ठेवावा, म्हणजे नवीन फाइल आपोआप त्या ग्रुपची आणि ग्रुपला लिहिता येण्याजोगी होते. मात्र त्याच फाइलसिस्टिमवर दुसरीकडून हलवून आणलेली फाइल आपला जुना ग्रुप घेऊन येते. नवीन फाइली चालतात आणि जुन्याच का अडतात, असे कोणी विचारले तर आधी हे तपासावे.

सर्व्हरवरची मांडणी ‘/इटीसी’मधल्या एक्स्पोर्ट्स नावाच्या फाइलीत होते: एका ओळीत डिरेक्टरी, कोणत्या यंत्रांना द्यायची ते, आणि लगेच कंसात पर्याय. इथे ‘लगेच’ हा शब्द शब्दशः घ्यायचा आहे. यंत्राचे नाव आणि कंस यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली तर त्या ओळीचा अर्थ पार बदलतो: नाव दिलेल्या यंत्राला मूळचे साधे पर्याय मिळतात आणि कंसातला लेखनाचा अधिकार उरलेल्या साऱ्या जगाला मिळतो. एका मोकळ्या जागेला इतके वजन देणारी मांडणी आजच्या काळात कोणी केली नसती, पण ती तशी आहे खरी. बदल केल्यावर एक्स्पोर्टएफएस ही आज्ञा ‘-आरए’ लावून चालवावी आणि नंतर ‘-व्ही’ लावून प्रत्यक्षात काय लागू झाले ते वाचून पाहावे; ही चूक त्या यादीत उघडी पडते.

या डिरेक्टऱ्या सर्व्हरवर स्वतंत्र विभाजनात किंवा स्वतंत्र डिस्कवर असाव्यात. फाइलसिस्टिमचा केवळ एक तुकडा एक्स्पोर्ट केला तर फाइल-हँडलचा (सर्व्हर फाइल ओळखण्यासाठी वापरतो त्या खुणेचा) अंदाज बांधून कुटिल क्लायंटला त्या फाइलसिस्टिमच्या उरलेल्या भागापर्यंत पोचता येऊ शकते, आणि ते रोखणारी सबट्री-तपासणी (मागितलेली फाइल एक्स्पोर्ट केलेल्या भागातलीच आहे ना, हे पाहणे) फाइलींची नावे बदलताना अडचणी निर्माण करत असल्याने ती आता मुळात बंदच असते. स्वतंत्र डिस्क असेल तर ‘माउंटपॉइंट’ हा पर्यायही जोडावा. एखाद्या दिवशी ती डिस्क सर्व्हरवर चढलीच नाही, तर रिकामी डिरेक्टरी जगापुढे मांडण्याऐवजी सर्व्हर ती एक्स्पोर्ट करणेच टाळतो.

‘सिंक’ हा मुळातला पर्याय तसाच राहू द्यावा. त्यात डेटा डिस्कवर गेल्याशिवाय सर्व्हर ‘झाले’ म्हणत नाही, म्हणून हजारो लहान फाइलींचा गठ्ठा उलगडताना तो संथ वाटतो, आणि ‘असिंक’ केल्यावर वेग एकदम वाढलेला दिसतो. पण तो वेग खोट्या पोचपावतीचा असतो. त्याच वेळी सर्व्हरची वीज गेली तर क्लायंटला लिहिले गेले असे सांगितलेला मजकूर नाहीसा झालेला असतो.

तिसरा निर्णय सर्व्हरच्या अनुपस्थितीचा. एनएफएस मुळात ‘हार्ड’ पद्धतीने माउंट होते, म्हणजे सर्व्हर उत्तर देईपर्यंत प्रोग्रॅम वाट पाहत राहतो, वाटल्यास तासन् तास. ‘सॉफ्ट’ पद्धतीत काही प्रयत्नांनंतर चूक कळवली जाते. ऐकायला दुसरी पद्धत समंजस वाटते, पण लेखन अर्धवट झालेले असताना आलेली चूक पुष्कळ प्रोग्रॅम नीट हाताळत नाहीत आणि फाइल न कळत बिघडू शकते. लिहिण्याच्या डिरेक्टऱ्यांसाठी म्हणून ‘हार्ड’च. त्याची किंमत अशी की सर्व्हर बंद असताना डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी डीएफ ही साधी आज्ञाही अडकून बसते आणि फाइल उघडायची खिडकीही गोठते. यावर तोड म्हणजे डिरेक्टरी कायम माउंट न ठेवता मागणीनुसार माउंट करणे. काय कुठे माउंट करायचे याची यादी असलेल्या एफस्टॅब फाइलीच्या ओळीत सिस्टिमडी या सेवा-व्यवस्थापकाचा ऑटोमाउंट पर्याय आणि निष्क्रियतेची मुदत, समजा 600 सेकंद, दिली की त्या डिरेक्टरीत पाऊल टाकेपर्यंत नेटवर्काला हातच लागत नाही आणि काम संपल्यावर ती आपोआप उतरते. जोडीला ‘नोफेल’ द्यावा, नाहीतर सर्व्हर बंद असल्याच्या दिवशी क्लायंटचे बूट होणेही रखडू शकते. जुने ऑटोएफएसही हेच काम चोख करते. डिरेक्टऱ्या पुष्कळ असतील तर त्याचे नकाशे (कोणती डिरेक्टरी कुठून घ्यायची याच्या याद्या) सांभाळायला सोपे जातात.

माउंट न झालेल्या अवस्थेतली रिकामी डिरेक्टरी हा एक स्वतंत्र सापळा आहे. ऑटोमाउंट वापरत नसाल तर सर्व्हर नसताना त्या जागी क्लायंटच्या डिस्कवरची साधी डिरेक्टरी उघडी असते आणि एखादी बॅकअपची स्क्रिप्ट मजेत तिच्यात गीगाबाइट ओतते. पुढे माउंट झाल्यावर ते सारे त्याखाली झाकले जाते आणि डिस्क का भरली याचा पत्ता लागत नाही. माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला चॅटर आज्ञेने ‘अपरिवर्तनीय’ करून ठेवले की तिच्यात रूटलाही लिहिता येत नाही. डेस्कटॉपच्या ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ वगैरे जागा यूजर-डर्सच्या सेटिंगमधून थेट सामायिक डिरेक्टरीकडे वळवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: लॉगिनच्या वेळी ती जागा सापडली नाही तर ही व्यवस्था ती डिलीट झाली असे समजून सेटिंग होम डिरेक्टरीकडे वळवते, आणि सर्व्हर परत आला तरी ते तसेच राहते. त्यापेक्षा त्या नावांच्या जागी सिंबॉलिक लिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवून लॉगिनच्या वेळचे हे अद्ययावतीकरण बंद करणे बरे. सामायिक डिरेक्टरीच्या आत मात्र लिंक करायच्या असतील तर त्या सापेक्ष मार्गाच्याच असाव्यात, कारण लिंक उलगडण्याचे काम क्लायंट करतो, आणि सर्व्हरवरचा पूर्ण मार्ग त्याच्याकडे अस्तित्वात असेलच असे नाही.

सगळे चालू झाल्यावर काही वागणूक विचित्र वाटते, पण ती बिघाडाची नसते. दुसऱ्या यंत्रावर टाकलेली फाइल समोरच्या खिडकीत आपोआप दिसत नाही, कारण बदलांची वर्दी देणारे आयनोटिफाय केवळ त्याच यंत्रावरून झालेले बदल पाहते. एफ5 दाबावे लागते. त्यातही फाइलींचे गुणधर्म क्लायंट 3 ते 60 सेकंद आणि डिरेक्टऱ्यांचे 30 ते 60 सेकंद स्वतःकडे साठवून ठेवतो. एनएफएसचे वचन एवढेच असते की एका यंत्राने फाइल बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने ती उघडली, तर त्याला नवा मजकूर मिळेल. दोघांनी एकाच वेळी उघडी ठेवलेल्या फाइलीबद्दल ते काही सांगत नाही. उघडी फाइल डिलीट केल्यास ‘.एनएफएस’ने सुरू होणाऱ्या नावाची एक लपलेली फाइल उगवते. फाइल धरून बसलेला प्रोग्रॅम बंद झाला की ती जाते, मुद्दाम पुसायला जाऊ नये. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर साधारण 90 सेकंद लेखन थांबलेले दिसते, ते जुन्या क्लायंटांना आपले लॉक परत मागता यावेत म्हणून. आणि सर्व यंत्रांची घड्याळे क्रोनी किंवा तत्सम सेवेने जुळवलेली असावीत. फाइलीवरची वेळ बहुधा सर्व्हरची असते, ती क्लायंटच्या घड्याळाच्या पुढे गेली की कोड बांधणारे मेक हे साधन ‘भविष्यातल्या’ फाइलींबद्दल कुरकुर करू लागते. तसेही कंपाइल करायचा कोड स्थानिक डिस्कवरच असावा. गिगाबिट नेटवर्कावर मोठी फाइल सेकंदाला 110 मेगाबाइटच्या आसपास वेगाने येते, त्यात तक्रारीला जागा नाही. पण प्रत्येक लहान फाइलीसाठी सर्व्हरकडे एक-दोन फेऱ्या होतात आणि हजारो फाइलींच्या गिट रिपॉझिटरीत त्या जाणवतात.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: वर वर्णन केलेली पद्धत क्लायंट यंत्रांवर पूर्ण विश्वास ठेवते आणि मजकूर उघडाच पाठवते, म्हणून ती आपल्याच ताब्यातल्या नेटवर्कापुरती ठेवावी. कर्बेरोस ही ओळख पटवण्याची व्यवस्था लावल्यास ओळखीची शहानिशा होते आणि ‘केआरबी5पी’ पातळीवर मजकूरही गुप्त राहतो, पण तीन यंत्रांसाठी कर्बेरोसचा संसार मांडणे मला फार वाटते. बाहेरून यायचे असेल तर वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्यातून एनएफएस न्यावे, किंवा क्वचितच्या कामासाठी एसएसएचवरून डिरेक्टरी माउंट करणारे एसएसएचएफएस वापरावे. त्याला सर्व्हरवर एसएसएचखेरीज काही लागत नाही. विंडोजची यंत्रे मधे असतील तर विंडोजच्या पद्धतीने फाइली पुरवणारे, अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेले सांबा आहेच.

राहता राहिला लॅपटॉप, जो अर्धा वेळ या नेटवर्काच्या बाहेर असतो. त्याच्यासाठी माउंट केलेली डिरेक्टरी हा चुकीचा पर्याय आहे, कारण तिची प्रत लॅपटॉपवर कुठेच नसते. त्यावर कागदपत्रांची डिरेक्टरी सिंकथिंगने, म्हणजे दोन यंत्रांवरच्या प्रती जुळवत राहणाऱ्या प्रोग्रॅमने, सर्व्हरवरच्या त्याच डिरेक्टरीशी जुळती ठेवावी आणि छायाचित्रे, संगीत यांसारखे जड सामान तेवढे ऑटोमाउंटने, जेव्हा नेटवर्क असेल तेव्हा, मिळू द्यावे. एवढेच पाहावे की सर्व्हरवर सिंकथिंग त्याच यूआयडीने चालते ज्याची ती कागदपत्रे आहेत. ते वेगळ्या सेवा-खात्याने चालले तर लॅपटॉपवरून आलेल्या फाइली डेस्कटॉपवर दिसतात, पण बदलता येत नाहीत.